वांटून खावें, एकट्यानें पाहावें

मराठी भाषेंत ‘एकटा’ हा शब्द तसा निरुपद्रवी आहे. परंतु त्याला ‘च’ हें एक अक्षर जोडलें कीं त्याचा रंग पालटतो. ‘तो एकटा जेवला’ ही नुसती हकीकत झाली. ‘तो एकटाच जेवला’ हा आरोप झाला. ‘ती एकटी राहते’ यांत माहिती आहे. ‘ती एकटीच राहते’ यांत कींव आहे, आणि बोलणाराचा स्वर थोडासा खालीं आला तर संशयहि आहे. ‘च’ हें अव्यय निश्चय दाखविण्याकरितां आहे असें व्याकरणकार सांगतात. पण आपला समाज निश्चय दाखवितां दाखवितां थोडा न्यायनिवाडाहि उरकून घेतो, आणि तो बहुधा एकट्याच्या विरुद्ध जातो. एकट्यानें केलेल्या गोष्टींपैकीं कोणत्या खरोखर दोषास्पद आणि कोणत्या केवळ अपरिचित, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो थोडासा करून पाहावा असें मनांत येण्यास एक अगदीं सामान्य दिवस कारण झाला.

महिन्याचा दुसरा शनिवार होता. कॉलेजला सुटी, आणि घरचीं बारीकसारीक कामें बरेच दिवस सांचलेलीं. ज्यांचा बाऊ करावा इतकीं तीं मोठीं नव्हतीं आणि विसरून जावें इतकीं लहानहि नव्हतीं. पत्नी, मुलगी व मी सकाळीं नवाच्या सुमारास बाहेर पडलों. ज्वारीचा डबा गिरणींत ठेवला. माझ्या चष्म्याची ढिली झालेली दांडी घट्ट करून घेतली. मुलीचा कुडता बाह्या आंखूड करण्यासाठीं शिंप्याकडे दिला. तुळशीबागेंत निरांजनाच्या वाती व चहाचें एक गाळणें घेतलें, आणि मग मंडईंत शिरलों. थंडीचे दिवस असल्यामुळें मंडई अगदीं भरांत होती. मटार, पावटा, गाजरें, कोंवळीं वांगीं, लसणीची हिरवी पात, सगळ्यांचे ढीग लागलेले. अशा हिंडण्यांत एक सुख असतें आणि तें खरेदीचें नव्हे. मटाराचा भाव विचारतां विचारतां पत्नीनें आपल्या माहेरच्या एका जुन्या भांडणाची हकीकत सांगितली. ती लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत मीं ऐकली नव्हती. आणि घरांत दहा प्रश्नांना मिळून एक उत्तर देणाऱ्या आमच्या मुलीनें शिंप्याच्या दुकानासमोर उभें राहून, आपल्याला नोकरी सोडावयाची आहे असें सांगून टाकलें. समोरासमोर बसून जें बोलवत नाहीं तें शेजारीं शेजारीं चालतांना सहज बोललें जातें. दोन पिशव्या दोघांच्या हातीं असल्या म्हणजे डोळ्याला डोळा भिडविण्याची सक्ति नसते, त्याचा हा परिणाम असावा.

जेवावयास सदाशिव पेठेंत थोरल्या भावाकडे जावयाचें होतें. तेथें दादा, वहिनी, पुतण्या आणि वहिनींच्या वृद्ध आई. आम्ही तिघें धरून सात पानें. बाजरीची भाकरी, मटाराची उसळ, भरलीं वांगीं, गाजराची कोशिंबीर, आणि कोणीतरी चीक आणून दिला होता म्हणून खरवस. शेवटीं खरवसाची एक वडी उरली. आमच्याकडे शेवटची वडी कोणी उचलीत नाहीं. ती ताटाताटांतून प्रवास करीत राहते. ‘तूं घे.’ ‘मला पुरे झालें.’ ‘आईंना वाढा.’ ‘मला कशाला, पोरांना द्या.’ अखेरीस पुतण्यानें सुरी घेऊन तिचे सात तुकडे केले. ते इतके लहान झाले कीं चव समजली असें म्हणणें धाडसाचें होईल. तरीहि सर्वांना समाधान वाटलें, आणि तें खोटें नव्हतें.

तीन वाजतां मी उठलों आणि चित्रपटाला जातों असें म्हणालों. कोणता, असें दादानें विचारलें. जपानी आहे, फिल्म सोसायटीनें लावला आहे, असें मीं सांगितलें. वहिनींनीं माझ्या पाठोपाठ आणखी कोणी उठतें कीं काय हें पाहिलें आणि त्या म्हणाल्या, ‘भावजी, एकटेच?’ बोलण्यांत राग मुळींच नव्हता. पण खरवसाची ती वडी मीं कोणास न विचारतां तोंडांत टाकली असती तर त्या ज्या स्वरांत बोलल्या असत्या, त्याच्याशीं ह्या स्वराचें दूरचें कां होईना नातें होतें. पुढील सर्व विचार त्या नात्याचा आहे.

एकट्यानें खाण्याविषयीं जगाचें मत फार जुनें आणि जवळ जवळ एकमुखी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत अन्नदानाचें एक सूक्त आहे; जो एकटा खातो त्याचें पापहि त्याच्या एकट्याचेंच होतें असा त्यांतील एका ऋचेचा आशय. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत, जे केवळ स्वतःपुरतें शिजवितात ते अन्न नव्हे तर पापच भक्षण करतात, असें बजावलें आहे. ग्रीकांकडे वळावें तर ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागांत माणसांचें सहजीवन म्हणजे बोलण्याची व विचारांची देवघेव, गुरांसारखें एका कुरणांत चरणें नव्हे, असा मार्मिक भेद केला आहे. एपिक्यूरसचें म्हणणें असें कीं काय खावयाचें हें पाहण्याआधीं कोणाबरोबर खावयाचें हें पाहावें. कान्टनें तर पाहुण्यांची संख्याहि ठरवून दिली: तीनांहून कमी नकोत, नवांहून अधिक नकोत, आणि तत्त्वचिंतन करणाऱ्यानें एकट्यानें जेवणें त्याच्या प्रकृतीला अपायकारक आहे असा इशारा दिला. कान्ट अविवाहित होता. त्याचा स्वयंपाक अर्थात् दुसरें कोणी करीत असे.

हें सर्व खरें आहे, आणि आमच्याकडील गोपाळकाल्याइतका त्याचा सुंदर दाखला दुसरा नसेल. प्रत्येकानें आपापल्या घरची शिदोरी आणावयाची, ती एकांत एक मिसळावयाची, आणि मग कोणती भाकरी कोणाच्या चुलीवरची हें ओळखूं येणार नाहीं अशा रीतीनें ती खावयाची. परंतु ज्या पंगतीचे आपण एवढे गोडवे गातों तिच्याकडे थोडें निरखून पाहावें. पंगत जितकी जोडी तितकीच तोडी. कोणी कोठें बसावयाचें, कोणाला आंत घ्यावयाचें, कोणाला पडवींत आणि कोणाला अंगणाबाहेर वाढावयाचें, हें ठरविण्याचें जातिव्यवस्थेचें सर्वांत धारदार हत्यार पंगत हेंच होतें; म्हणूनच तर समतानंद अनंत हरि गद्रे यांना झुणका-भाकरीचा प्रसाद करून सत्यनारायणाच्या निमित्तानें सर्व जातींना एकत्र बसवावें लागलें. आणि पंगतीला न बसणारी एक व्यक्ति प्रत्येक घरांत होतीच. माझी आई आम्हां सर्वांचीं जेवणें झाल्यावर, ओट्याजवळ, पातेल्याच्या तळाशीं राहिलेल्या आमटींत भाकरी कुस्करून जेवीत असे. त्या वेळीं स्वयंपाकघरांत दुसरें कोणी नसे. एकट्यानें खाणें हें पाप असेल तर तें आमच्या मातांनीं पिढ्यान् पिढ्या रोज दोनदां केलें आहे. आणि त्यांना ‘एकटीच?’ असें कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. खरवस वांटून खाणें हा सद्गुण कां? वांटल्यानें तो कमी होतो म्हणून. भाकरीचा अर्धा भाग तुला दिला तर माझ्यापाशीं अर्धाच उरतो. त्या उरण्यांतच देण्याचें मोल आहे. चित्रपटाचें तसें नाहीं. माझ्या शेजारीं माझी पत्नी बसली म्हणून पडद्यावरचें चित्र माझ्यापुरतें अर्धें होत नाहीं, आणि ती घरीं राहिली म्हणून माझ्या वांट्याला दुप्पट येत नाहीं. ज्याच्या देण्यानें आपलें कांहींच घटत नाहीं तें देणें हें सौजन्य असेल, औदार्य नव्हे. आणि न देणें हा फार तर तुटकपणा होईल, चोरी होणार नाहीं. तर्क येथवर आला कीं एकट्यानें चित्रपट पाहणाराची निर्दोष सुटका झाली असें वाटतें. मलाहि चित्रगृहाकडे जातांना रिक्षांत तसें वाटलें होतें, आणि मी त्या तर्कावर खूषहि होतों.

परंतु हा युक्तिवाद वकिली आहे. वहिनींच्या प्रश्नाचा रोख चित्रपटावर नव्हताच. चित्रपट अर्धा होत नाहीं हें खरें, पण दुपार अर्धी होते. तीन ते सहा हे तीन तास घराच्या सामाइक तिजोरींतून मीं काढून घेतले होते. त्या तीन तासांत गिरणींतून पीठ कोणी तरी आणावयाचें होतें, दादाची औषधें आणावयाचीं होतीं, वहिनींच्या आईशीं कोणी तरी बोलत बसावयाचें होतें. वेळ ही वस्तु भाकरीसारखीच आहे. एकानें घेतली कीं दुसऱ्याच्या वांट्यांतून ती जाते. म्हणजे वहिनींनीं ओळखलेलें नातें बरोबर होतें. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष नेहमींचा नाहीं. नेहमींचा निष्कर्ष असा कीं एकट्यानें जाऊं नये. माझ्या मतें निष्कर्ष असा कीं एकांत ही जर भाकरीच्या जातीची वस्तु असेल, तर तिच्या बाबतींत विचारावयाचा प्रश्नहि भाकरीचाच आहे: ती सर्वांच्या पानांत पडली काय?

पण त्याआधीं ती खावीच कशाला, हें पाहिलें पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं चित्रपट ही मुळांतच चारचौघांत पाहण्याची वस्तु आहे आणि एकट्यानें जाणें हा तिचा विपर्यास आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १८९४ सालच्या एप्रिल महिन्यांत न्यूयॉर्क येथें एडिसनच्या किनेटोस्कोपचें पहिलें दुकान उघडलें, तेव्हां तेथें उंच लांकडी पेट्या ओळीनें मांडलेल्या होत्या. वांकून एका छिद्रांतून आंत पाहावयाचें. एका वेळीं एका पेटीस एकच डोळस गिऱ्हाईक. हलतीं चित्रें मनुष्यजातीनें प्रथम पैसे देऊन पाहिलीं तीं अशीं एकेकट्यानें. पुढें १८९५ सालच्या २८ डिसेंबरला लुमिएर बंधूंनीं पॅरिसमधील एका कॅफेच्या तळघरांत पडद्यावर चित्रें पाडून पैसे देऊन आलेल्या तीसएक लोकांस एकदम दाखविलीं. सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉट्सन हॉटेलांत एक रुपया तिकीट लावून तोच खेळ झाला. पेटींतलें चित्र भिंतीवर आलें आणि पाहणारांचा समुदाय झाला. परंतु हा समुदाय पंगतीसारखा नाहीं, हें त्याचें वैशिष्ट्य मला फार मोलाचें वाटतें. येथें कोणी कोणाला आग्रह करीत नाहीं. शेजारीं कोण बसला आहे हें विचारण्याची रीत नाहीं, त्याची जात कळण्याची सोय नाहीं, आणि दिवे गेले कीं त्याचें तोंडहि दिसत नाहीं. तिकिटाच्या दरानें जो भेद होतो तेवढाच. तो कमी नाहीं, पण ओट्यावरच्या आणि अंगणांतल्या पंगतीच्या भेदाहून पुष्कळ बरा.

आमच्या रसशास्त्रानें ह्या स्थितीचें वर्णन करून ठेवलें आहे. भरतमुनींना नाट्यांतील रस समजावून सांगावयाचा होता, तेव्हां त्यांना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत दृष्टान्त सुचला तो जेवणाचा: नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खाणारा जसा चवी घेतो तसा प्रेक्षक भाव चाखतो. पुढें अभिनवगुप्तांनीं काश्मिरांत बसून असा विचार मांडला कीं रसास्वादाच्या क्षणीं प्रेक्षकाचें ‘मी अमक्याचा भाऊ, तमक्याचा नवरा’ हें सगळें गळून पडतें, आणि सभेंतील सर्वांचीं मनें एकरूप झालीं म्हणजे आनंद अधिकच भरून येतो. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण तशा नाहींत. नाटकगृहांत नातेवाइकांच्या घोळक्यांत बसलेल्या माणसाचें ‘अमक्याचा नवरा’ हें पद सुटणें किती कठीण! पंख्याचा वारा सौभाग्यवतींना लागतो कीं नाहीं, मुलाला तहान लागली काय, मध्यंतरांत वडे कोणी आणावयाचे, ह्या चिंतांत पहिला अंक संपतो. आपल्या माणसांपासून तीन तास सुटल्याखेरीज परक्या माणसांशीं एकरूप होणें पुष्कळांना जमत नाहीं. मला तरी जमत नाहीं.

हल्लीं भ्रमणध्वनीच्या रूपानें एडिसनची पेटी पुन्हा आपल्या हातीं आली आहे, हें जातां जातां नमूद केलें पाहिजे. एका दिवाणखान्यांत चार माणसें चार पडद्यांकडे वांकून पाहात बसतात. हें सहजीवन नव्हे आणि एकांतहि नव्हे. ॲरिस्टॉटलचीं गुरें निदान एकच कुरण चरत होतीं.

त्या दिवशीं मीं पाहिलेला चित्रपट यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ हा होता. ओनोमिची गांवांतील एक वृद्ध जोडपें टोकियोंत आपल्या मुलांना भेटावयास येतें. थोरला डॉक्टर, मुलीचें केशरचनेचें दुकान. दोघांनाहि सवड नाहीं. युद्धांत गेलेल्या दुसऱ्या मुलाची विधवा पत्नी नोरिको मात्र कामावरून रजा घेते, सासूसासऱ्यांना बसमधून शहर दाखविते, आणि आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत शेजारणीकडून उसनें मद्य आणून त्यांना जेवूं घालते. एवढेंच. पुढें परत गेल्यावर म्हातारी वारते, आणि क्रियाकर्मानंतरच्या जेवणावरच मुलगी आईचीं वस्त्रें आठवण म्हणून मागून घेते. हें पाहात असतां मला सकाळपासूनचा सगळा दिवस दिसूं लागला. वहिनींच्या आईंनीं खरवसाचा तुकडा हातांत घेऊन बराच वेळ ठेवला होता, तोंडांत टाकला नव्हता. तें मीं दुपारीं पाहिलें होतें पण माझ्या लक्षांत आलें तें काळोखांत. मुलीनें नोकरीविषयीं बोलतांना ‘सोडूं का?’ असें विचारलें नव्हतें, ‘सोडणार’ असें म्हटलें होतें. शेजारीं पत्नी असती तर मीं तिच्याकडे वळून ‘अगदीं आपल्या वहिनींच्या आईंसारखी’ असें म्हटलें असतें, तिनें मान हलविली असती, आणि तो विचार तेथेंच फराळाच्या पुडीसारखा संपला असता. कोणी नव्हतें म्हणून तो पुढें गेला. ज्यांच्याबरोबर आपण जेवतों त्यांच्याकडे पाहावयास कधीं कधीं त्यांच्यापासून थोडें दूर अंधारांत बसावें लागतें. एकट्यानें पाहण्याच्या बाजूनें मला जें म्हणावयाचें आहे तें इतकेंच, आणि मला तें पुरेसें वाटतें.

मग राहिला पानांत पडण्याचा प्रश्न. आणि येथें आमच्या संस्कृतीचा हिशेब फारसा चोख नाहीं. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतांत बसत. झाडापेडांना सोयरे मानणारा आणि एकांताची गोडी गाणारा त्यांचा अभंग शाळेंतल्या मुलांनाहि पाठ असतो. परंतु त्याच डोंगराची दुसरीहि एक कथा आहे. जिजाई रोज दुपारीं भाकरी घेऊन तो डोंगर चढे, आणि एके दिवशीं चढतांना तिच्या पायांत कांटा मोडला. तो काढावयास स्वतः विठ्ठल आला असें म्हणतात. भाविकांना ह्या कथेंत देवाची कृपा दिसते. मला प्रथम डोंगर दिसतो, आणि उन्हांत तो चढणारी बाई. तुकोबांचा एकांत तिच्या डोक्यावरील टोपलींतून वर जात होता. त्या एकांतानें महाराष्ट्राला जें दिलें त्याचें मोल करण्याची माझी योग्यता नाहीं. पण त्याचा शिधा कोणीं पुरविला हें सांगितल्यानें त्याला उणेपण येतें असेंहि मला वाटत नाहीं. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटाचें मोठेपण माझ्या मतें हेंच कीं त्यांत विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांइतकीच गौरीची जिजाई खरी उतरली आहे. ती भांडते तें मुलांच्या पोटासाठीं, आणि तिचें म्हणणें खोटें आहे असें तो चित्रपट एकदांहि सुचवीत नाहीं.

चित्रपटाच्या धंद्याच्या जन्माचीच गोष्ट पाहाना. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें आला. तो तयार होत असतां सर्व मंडळी फाळक्यांच्याच घरीं राहात व जेवीत. त्या सगळ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, आणि दिवसभराचें तें काम आटोपल्यावर रात्रीं कच्च्या फिल्मला कडेचीं भोंकें पाडण्याचें व ती धुण्याचें कामहि त्यांच्याकडेच असे. तें काळोखांतच करावें लागे. पंगत त्यांनीं वाढली आणि अंधारहि त्यांनींच सांभाळला. आम्हीं मात्र तेव्हांपासून दोन्ही आयते घेत आलों. माँतेन ह्या फ्रेंच निबंधकारानें प्रत्येकानें मनाच्या दुकानाची एक मागची खोली केवळ स्वतःकरितां मोकळी ठेवावी असा उपदेश केला आहे. उपदेश उत्तम आहे, मला प्रियहि आहे. परंतु तो मागच्या खोलींत असतांना पुढचें दुकान कोण पाहात होतें हें त्यानें लिहिलेलें नाहीं.

माझी एक मावशी होती. वयाच्या साठाव्या वर्षीं, मुलांचीं लग्नें झाल्यावर, तिनें दर बुधवारीं दुपारच्या खेळाला एकटीनें जाण्याचा नेम धरला. चित्रपट कोणता याला महत्त्व नसे. हातांत छत्री, पिशवींत शेंगदाणे. घरांत मोठी चर्चा झाली. मुलांना लाज वाटली, सुना बरोबर येऊं लागल्या, नातवाला सोबत धाडण्यांत आलें. मावशीनें सगळ्यांना युक्तीनें परत पाठविलें. शेवटीं माझ्या आईनेंच तिला विचारलें कीं तुला तेथें असें काय मिळतें? मावशी म्हणाली, ‘अगं, पन्नास वर्षें वाढत आलें. तिथं मी नुसती बसते, आणि मला वाढतात.’

भरतमुनींचा दृष्टान्त इतक्या सहजपणें समजलेलें दुसरें माणूस मला भेटलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांना तो समजावून सांगण्यांत मीं तीस वर्षें घालविलीं आहेत, म्हणून हें अधिकारानें सांगतों.

येथें एक आक्षेप येईल. बृहदारण्यक उपनिषदांत म्हटलें आहे कीं आरंभीं तो आत्मा एकटा होता, आणि एकट्याला करमेना म्हणून त्यानें दुसरें निर्माण केलें. एकटेपण ही जर माणसाची मूळची व्यथा आहे, तर तिचे वांटे घालण्याचा हा उद्योग कशाला? पुण्यांतील कोणत्याहि खाणावळींत रात्रीं नवाच्या सुमारास जावें. भिंतीकडे तोंड करून जेवणारे पांच-सात वृद्ध गृहस्थ दिसतात. मुलें परदेशीं, पत्नी गेलेली. त्यांच्यापुढें एकांताचें स्तोत्र म्हणणें हा क्रूरपणा होईल. आक्षेप खरा आहे. परंतु त्याच उपनिषदांत, त्या वाक्याच्या अगदीं अगोदर, दुसरीहि एक गोष्ट आहे: त्या एकट्याला प्रथम भय वाटलें, आणि मग त्यानें विचार केला कीं माझ्याखेरीज येथें कोणीच नाहीं तर मी भितों कोणाला? आणि त्याचें भय गेलें. दुसऱ्याची इच्छा त्यानंतरची. भयानें धरलेली सोबत आणि भय गेल्यावर इच्छिलेली सोबत या दोहोंत अंतर आहे. खाणावळींतील त्या गृहस्थांच्या पानांत सोबत पडलेली नाहीं. माझ्या आईच्या पानांत एकांत पडला तो उष्ट्या भांड्यांच्या ढिगाशेजारीं, दहा मिनिटांचा, आणि हात धुवून उठण्यापुरता. दोघांनाहि वाढप चुकीचें झालें आहे. कित्येक बायका ‘मला नाहीं बाई एकटीला करमत’ असें म्हणतात, तेंहि मी खोटें मानीत नाहीं. मात्र ज्याच्या पानांत एखादा पदार्थ कधीं वाढलाच गेला नाहीं, त्याची त्या पदार्थाविषयींची नावड शेवटची समजूं नये.

आमच्या घरीं गेलीं कांहीं वर्षें दुसऱ्या शनिवारची दुपार माझी आणि चौथ्या शनिवारची पत्नीची अशी व्यवस्था आहे. ती तिनेंच ठरविली. मीं फक्त पंचांगाप्रमाणें पाळली. तिच्या शनिवारीं ती कोठें जाते हें मी विचारीत नाहीं. एकदां येतांना तिच्या हातांत सोनचाफ्याचीं फुलें होतीं, एकदां ओल्या चपला होत्या, बहुतेक वेळां कांहींच नसतें. त्या दुपारीं दूध तापविणें, पीठ आणणें, दारावर येणाऱ्याला उत्तरें देणें आणि रात्रीचा स्वयंपाक हीं कामें माझ्याकडे असतात. येत्या चौथ्या शनिवारीं दादा, वहिनी आणि वहिनींच्या आई आमच्याकडे जेवावयास येणार आहेत. भाजी कोणती करावयाची हें तिनें सांगून ठेवलें आहे. वांग्यांच्या मसाल्यांत गूळ किती घालावयाचा तें विचारावयाचें अजून राहिलें आहे.